भनपुरीच्या यार्डातली पिकअप

मंदाकाकूंचं घर आमच्या घराच्या अगदी समोर होतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली आमची गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. साड्यांना फॉल लावणं आणि पिको करणं हे त्यांचं काम. सकाळी नऊला मशीन सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. मध्येच आवाज थांबला की आई म्हणायची, "रत्नाकरभाऊंनी बोलावलं असंल."

खरं म्हणजे रत्नाकरकाका कुणाला बोलावू शकत नव्हते. ते पलंगाच्या लोखंडी दांड्यावर डाव्या हातातला चमचा वाजवायचे आणि काकू मशीन सोडून उठायच्या.

काकू माहेरच्या गोंदियाच्या. लग्न होऊन चौऱ्याऐंशी साली रायपूरला आल्या. सासरे रेल्वेत होते आणि मुलानंही रेल्वेत चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण रत्नाकर बोंदरे हा माणूस खुर्चीत बसणाऱ्यांतला नव्हता. तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला. सासरे गेले, मुलगी क्षमा शाळेत जायला लागली, आणि मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झाली तेव्हा जिकडेतिकडे नवी कार्यालयं उघडत होती. कुठे जुन्या बंगल्यात, कुठे बंद पडलेल्या वसतिगृहात. त्या सगळ्यांना टेबलं, खुर्च्या, लोखंडी कपाटं पोचवायला माणूस हवा होता. काकांनी दोन हजार एकमध्ये पांढरी पिकअप घेतली आणि हेच काम धरलं. बारा वर्षं केलं. त्यातच मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपूरला गेलं, तेव्हा दोन महिने त्यांच्या रोज तीन-तीन खेपा व्हायच्या. गल्लीत कुणी भेटलं की म्हणायचे, "अर्धं सरकार माह्या गाडीच्या डाल्यातून गेलं, भाऊ. उरलेलं अर्धं उद्या नेतो."

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट यार्डात गाडीवर दोर आवळता आवळता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायू. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. दवाखान्यात सतरा दिवस होते. अठराव्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. हव.

हव म्हणजे हो. आमच्याकडे सगळेच बोलता बोलता हव म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. काकांच्या तोंडून मात्र हो म्हणायचं असो की नाही, 'हव'च निघायचं. पाणी पाहिजे? हव. नको? हव. कधी कधी तोंडातून तो शब्द निघताना त्यांच्या स्वतःच्याच कपाळावर आठी यायची, मान जोरात हलायची, आणि पुन्हा तेच, "हव, हव." डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. जो सापडतो तोच बाहेर येतो.

काकू सहा वर्षांत बरंच शिकल्या होत्या. भुवई कशी वर गेली, चमचा किती वेळा वाजला, मान कुठे वळली, यावरून त्या अंदाज घ्यायच्या. जेवण, औषध, पंखा, कूस बदलणं, एवढं जमायचं. त्याच्यापलीकडे नाही.

पिकअप भनपुरीच्या यार्डातच उभी राहिली होती. यार्डाचे मालक जुन्या ओळखीचे. ते म्हणाले, राहू द्या कोपऱ्यात. पहिल्या वर्षी काकू दोनदा जाऊन पाहून आल्या, मग जाणं सुटलं. दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत मालकांचा निरोप आला, की यार्डाची जागा विकली आहे, महिन्याभरात गाडी हलवा.

क्षमा तोवर नव्या रायपूरच्या एका कार्यालयात नोकरीला लागली होती. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीतच द्यायची. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "बेच दो ना आई. कबाड़ी को बोल देते हैं, आ के ले जाएगा."

काकू पलंगाजवळ जाऊन बसल्या. "आयकलं काय, भनपुरीची गाडी हलवा म्हणून राहिले. विकून टाकू?"

"हव."

"की नाही विकायची?"

"हव."

"आई, उनसे मत पूछो," क्षमा म्हणाली. "वो हर बात पे हव ही बोलेंगे."

काकू तरीही काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही कळलं नाही. भुवई वर गेली नाही, मान वळली नाही. तेव्हा त्यांनी भंगारवाल्याला हो सांगितलं, आणि काकांना शेवटचं एकदा गाडी दाखवावी म्हणून तो गाडी न्यायला येणार होता त्या दिवशी रिक्षा करून त्यांनाही बरोबर नेलं.

गाडीची दशा वाईट होती. चारही टायर जमिनीला लागलेले, मागच्या उघड्या डाल्यात गवत उगवलेलं, बॉनेटवर कबुतरांची घाण. भंगारवाला माणसं आणि साखळी घेऊन आला होता. काकूंनी काकांना धरून गाडीजवळ उभं केलं. काकांनी डावा हात पुढे केला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं हँडल पकडलं. दार उघडलं नाही, गंजलं होतं. त्यांनी हँडल सोडलंही नाही. काकूंनी बोटं उलगडायचा प्रयत्न केला, तर मूठ आणखी घट्ट झाली. तोंडातून आवाज नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लाळही, कारण तोंडाची उजवी बाजू मिटत नसे.

भंगारवाला दुसरीकडे बघू लागला. काकू त्याला म्हणाल्या, "भैया, आज रहने दीजिए." तो साखळी गोळा करून गेला.

यार्डाला लागून बिसाहूचं गॅरेज होतं. बिसाहू मिस्त्री म्हणजे काकांच्या गाडीवर पहिल्यापासून हात फिरवलेला माणूस, आता साठीचा. त्यानं बॉनेट उघडलं, वायरिंग पाहिलं, खाली वाकून चेसिसकडे नजर टाकली आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाला, "भाभी, चालू तो हो जाही. फेर बइठे-बइठे बहुत कुछ सड़ गे हे."

"चालू होईल ना?" काकूंनी विचारलं.

"हो जाही."

हे कळल्यावर क्षमा रागावली. गाडी चालवणार कोण, काम आणणार कोण, असं ती विचारत राहिली. काकू म्हणाल्या, एखादा ड्रायव्हर ठेवू, चार पैसे येतील. पण तेवढंच कारण नव्हतं. खरं कारण त्यांनी फक्त माझ्या आईला सांगितलं. पहिल्या वर्षी व्यायाम करून घ्यायला यायची ती मुलगी एकदा बोलून गेली होती, की ओळखीच्या आवाजानं कधी कधी अडकलेला शब्द सुटतो. काकूंनी रेडिओ लावून पाहिला होता, देवळातली आरती ऐकवली होती, गोंदियाहून भावाला बोलावून त्याच्याशी गप्पा मारायला बसवलं होतं. काहीच झालं नव्हतं. "पण बाई, बारा वर्षं त्या गाडीचा आवाज होता त्यांच्या कानात," त्या आईला म्हणाल्या. "चालू झाली तर कोण जाणे."

आई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

यार्डाच्या मालकांनी आणखी दोन महिने दिले. आठवड्यातून दोन दिवस काकू मशीन बंद ठेवून काकांना घेऊन भनपुरीला जायच्या. टिनाच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीत काका बसायचे. खुर्चीतून घसरू नयेत म्हणून काकू त्यांच्या कमरेला आपली जुनी ओढणी बांधायच्या. बिसाहू काम करायचा. एअर क्लीनरमध्ये गांधीलमाशांचं पोळं निघालं. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. क्लच प्लेट चिकटून बसली होती, ब्रेक जाम होते. डिझेलच्या टाकीतून काळा, डांबरासारखा गाळ निघाला. ती टाकी उतरवून, धुवून, चार दिवस उन्हात ठेवली. रेडिएटर झाळून आणावा लागला. बिसाहू प्रत्येक सुटा भाग काकांपुढे धरायचा. "देख भैया, तोर पंप." काका त्याकडे बघायचे, "हव" म्हणायचे. बिसाहूला त्यात काही वेगळं वाटत नसे. तो म्हणायचा, "भैया ला सब मालूम हे," आणि परत कामाला लागायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवी बॅटरी लागली. बिसाहूनं चावी फिरवली. दोनदा नुसतंच घुरघुरलं. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं, मागून काळा धूर आला, मग पांढरा, आणि मग ते एका लयीत चालायला लागलं. गॅरेजमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली.

काकू इंजिनाकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या समोर, जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या, त्यांच्या तोंडाकडे बघत. काकांची मान वर झाली. डोळे मोठे झाले. ओठ हलले, जीभ वर गेली. काकूंनी त्यांचा हात धरला. "बोला," त्या म्हणाल्या. "बोला ना."

"हव," काका म्हणाले.

इंजिन चालत राहिलं. काका पुन्हा म्हणाले, "हव, हव," आणि हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. काकू उठल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं, आणि बिसाहूला म्हणाल्या, "खूप छान झालं, भैया." घरी आल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आईनं चहाचं आधण ठेवलं. "वेडी हावो मी," काकू म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या.

पण गाडी आता चालत होती आणि अर्धवट सोडता येत नव्हती. ती आरटीओत पासिंगला न्यायची म्हणजे फिटनेस तपासून घ्यायचा. त्याआधी रस्त्यावर तीसेक किलोमीटर चालवून पाहू, असं बिसाहू म्हणाला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नव्या रायपूरच्या बाजूला जायचं ठरलं. रस्ते रुंद, रविवारी गर्दी नाही, आणि काकांच्या पायाखालचा रस्ता. क्षमाला एका मैत्रिणीच्या लग्नाला बिलासपूरला जायचं होतं. निघताना ती म्हणाली, "पापा को मत ले जाना. इतनी धूप में." काकूंनी मान हलवली, आणि तिची बस सुटल्यावर काकांना नवा सदरा घातला.

सकाळी नऊला निघाले. बिसाहू गाडी चालवत होता, मध्ये काकू, आणि डाव्या खिडकीशी काका. पहिले बारा-तेरा किलोमीटर गाडी छान चालली. विमानतळाची बाजू मागे पडली, रस्ता रुंद झाला. काका खिडकीबाहेर बघत होते. काकूंना वाटलं, बरं झालं आणलं. एका चौकानंतर इंजिनानं झटका खाल्ला. परत एकदा. मग जोर गेला आणि गाडी कडेला थांबली.

बिसाहूनं खाली उतरून डिझेलची लाइन तपासली. हवा घेतली असेल म्हणून हातपंप मारला, एअर काढली. गाडी चालू झाली, दीड किलोमीटर गेली आणि पुन्हा बंद पडली. पुन्हा एअर काढली. या वेळी अर्धा किलोमीटर. तिसऱ्यांदा बिसाहू घामानं निथळत आला आणि म्हणाला, फीड पंप गेला दिसतो, डिझेल ओढतच नाही. दुसरा पंप गॅरेजमध्ये आहे. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला आला, बिसाहूनं हात केला आणि त्याच्या मागे बसला. "भाभी, घंटा भर में आ जाहूँ."

साडेदहा वाजले होते. रस्ता चार गाड्या एकमेकींशेजारून जातील एवढा रुंद, आणि त्यावर कुणी नाही. लांबवर सरकारी इमारती, रविवार म्हणून बंद. जवळ झाड नाही. दुभाजकावर लावलेली रोपं माणसाच्या कमरेएवढी. बस थांबायची शेड दिसत होती, पण तिथपर्यंत काकांना चालवत नेणं शक्य नव्हतं. पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. काकूंनी क्षमाला फोन लावला.

"मैंने मना किया था ना!" क्षमा जवळजवळ रडायला आली. मग म्हणाली, थांब, इथून टॅक्सी बुक करते. दहा मिनिटांनी तिचा फोन आला, की तिकडे यायला कुणी तयार नाही. अर्ध्या तासानं पुन्हा आला, तेच सांगायला.

दोन मोटारी गेल्या. काकूंनी हात केला, थांबल्या नाहीत. केबिनचा पत्रा तापला. काकूंनी पदर ओला करून काकांच्या डोक्यावर ठेवला. आणि तेव्हा काका डावा हात हलवायला लागले.

पाचही बोटं जवळ आणून ते हवेत काहीतरी फिरवत होते. फिरवायचे, थांबायचे, काकूंकडे बघायचे, पुन्हा फिरवायचे.

"काय पाहिजे? पाणी?"

"हव." पाणी समोर धरलं तर त्यांनी तोंड फिरवलं. हात पुन्हा सुरू.

"चावी? चावी फिरवू म्हणता? नाही होत वो चालू, पंप गेला म्हणते तो."

"हव. हव."

"घरी जायचं? गाडी वळवू म्हणता?"

"हव."

काकूंनी एकेक विचारलं. खिडकीची काच? पंखा? रेडिओ? सगळ्याला हव, आणि प्रत्येक हवनंतर मान जोरजोरात हलायची, हात पुन्हा फिरायचा. मग ते दार ढकलायला लागले. उतरायचं होतं. काकूंना वाटलं, लघवी लागली असेल. त्यांनी कसंबसं काकांना खाली उतरवलं, उजवी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. काका गाडीच्या मागच्या बाजूला ओढ घ्यायला लागले. काकू त्यांना कडेच्या झुडपाकडे वळवत होत्या, ते मागे ओढत होते. "इकडे या, इकडे," त्या म्हणत होत्या. "तिकडे रस्ता हाये. इकडे करा." काकांनी गाडीच्या पत्र्याला हात टेकला, पत्रा तव्यासारखा तापलेला, तरी टेकला, आणि एक पाय घासत आणखी हातभर मागे सरकले. काकूंचा तोल गेला. दोघंही पडता पडता वाचले. आणि त्या धडपडीत काकांचा नवा सदरा, पायजमा, सगळं ओलं झालं.

तेव्हा काकू ओरडल्या.

हे त्यांनी आम्हाला फार दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना आमच्याकडे बघत नव्हत्या. "सहा वर्षांत एकदा आवाज चढवला नव्हता मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी म्हणाली, हव हव काय लावलं हाये! जीव घेता काय माहा? तुमच्या गाडीपायी आली ना मी इथं? गप बसा म्हटलं. गप बसा."

काकांचा हात खाली गेला. काकूंनी त्यांना ओढत आणून परत सीटवर बसवलं. खाली ओली गादी, वर ओले कपडे. बदलायला काही नव्हतं. काका समोरच्या काचेकडे बघत बसले. त्यांनी पुन्हा हात हलवला नाही, हव म्हटलं नाही. काकू दाराशी उभ्या राहून ओल्या पदरानं त्यांना वारा घालत होत्या. जरा वेळानं त्यांनी बाटली तोंडाला लावली, तर काका प्याले. तेवढंच.

बिसाहू एकच्या पुढे आला. पंप बदलायला त्याला अर्धा तास लागला. गाडी सुरू होऊन लगेच बंद पडली. तो हात कमरेवर ठेवून उभा राहिला. मग टाकीत डिझेल तरी आहे ना, हे पाहायला मागे गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं. झाकण घट्ट बसलं होतं. जोर लावून फिरवल्यावर टाकीनं केवढा तरी मोठा श्वास आत ओढावा तसा आवाज झाला. काकूंनाही तो पुढे ऐकू आला.

बिसाहू झाकण हातात घेऊन बघत राहिला. डिझेल कमी होतं तसतशी टाकीत बाहेरची हवा जावी लागते, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. या झाकणाला नव्हतं. मूळ झाकण कधीतरी हरवलं असणार आणि काकांनी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं बसवलं असणार. हवा आत जात नव्हती, म्हणून थोडं अंतर गेलं की डिझेल पुढे येत नव्हतं. इतके दिवस यार्डात गाडी चालली, कारण तिथे टाकीच्या तोंडात नुसता फडका कोंबलेला होता. झाकण बिसाहूनं त्याच दिवशी सकाळी लावलं होतं, चांगलं आवळून.

काकूंना एकदम आठवलं. काका प्रत्येक वेळी निघण्याआधी मागे जाऊन टाकीच्या झाकणाला हात लावून यायचे. त्या समजायच्या, कुणी डिझेल तर चोरलं नाही ना, हे बघतात. ते झाकण सैल करून येत होते.

बिसाहू झाकण घेऊन पुढे आला आणि काकांसमोर धरलं. "भैया, तैं येही बतावत रहे?"

काकांनी झाकणाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

झाकण सैल ठेवल्यावर गाडी कुठेही न थांबता तात्यापाऱ्यापर्यंत आली. गल्लीच्या तोंडाशी बिसाहूनं आणि माझ्या भावानं काकांना उचलून घरात नेलं. काकूंनी त्यांना आंघोळ घातली. मांडीला आत लाल चट्टे उठले होते, त्यांना खोबरेल तेल लावलं. हाताच्या तळव्याला फोड आला होता. मग त्यांच्या पायाशी बसून त्या म्हणाल्या, "मी चुकली. तुमी सांगून राहिले होते अन् मलेच समजलं नाही. मले माफ करता ना?"

"हव," काका म्हणाले.

नंतर कधीतरी काकू मला म्हणाल्या, "ते हव मी कुठं ठेवू, सांग. दुसरं काही म्हणताच येत नाही ना त्यांना."

बुधवारी गाडी पासिंगला गेली. काकू एकट्याच बिसाहूबरोबर गेल्या. तपासणारा माणूस सभ्य होता. त्यानं इंजिन ऐकलं, ब्रेक पाहिले, दिवे लावून पाहिले. मग गाडीखाली वाकून चेसिसला एके ठिकाणी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टोचला, तर तो सरळ आत गेला. त्यानं दुसऱ्या ठिकाणी टोचला, तिथेही तेच. "माताजी, इस पर वजन रखोगे तो बीच रास्ते में दो टुकड़े हो जाएगी," तो म्हणाला. "मैं पास नहीं कर सकता." बिसाहूनं मान खाली घातली. पहिल्या दिवशी खाली वाकून त्यानंही ते पाहिलं होतं. वेल्डिंगच्या डागण्या मारल्या की निभावेल, असं त्याला वाटलं होतं.

काकूंनी वाद घातला नाही. इंजिन चांगलं होतं, ते बिसाहूच्या मेहुण्यानं तिल्द्याजवळच्या गावात धानाच्या गिरणीला बसवायला नेलं. बाकीचं भंगारात गेलं. काकांना या वेळी काकूंनी नेलं नाही. घरी येऊन समोर बसल्या आणि काहीही न विचारता सगळं सांगितलं. पेचकस कसा आत गेला, इंजिन कुठे गेलं, पांढरं डालं कसं उचललं. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी पलंगाच्या दांड्यावरचा चमचा उचलला, वाजवला नाही, परत ठेवला.

पुढच्या वर्षी क्षमाला नव्या रायपूरला सरकारी क्वार्टर मिळालं आणि ती दोघांना घेऊन गेली. तळमजल्याचं घर, चाकाची खुर्ची आत-बाहेर करता येते. तात्यापाऱ्यातलं घर भाड्यानं दिलं. तिथे आता मोबाइलची दुकानदारी करणारं कुटुंब राहतं. मशीन काकू घेऊन गेल्या, पण तिकडे फॉल-पिकोला फारसं कुणी येत नाही. बस तासाला एखादी मिळते, म्हणून त्यांचं इकडे येणंही दिवाळीपुरतंच.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेले होते. काका व्हरांड्यात बसले होते, आणखी वाळलेले. मी नमस्कार केला तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. काकू आत भाजी निवडत होत्या आणि आतूनच त्यांच्याशी बोलत होत्या. आज चवळीची शेंग किती कोवळी मिळाली, क्षमाच्या साहेबांची बदली झाली, समोरच्या इमारतीत कुणीतरी राहायला आलं. एकही प्रश्न नाही. मी हळूच विचारलं, "त्यांना समजतं का काकू, सगळं?"

"काय माहीत," काकू म्हणाल्या. "विचारत नाही मी आता. नुसती सांगत राहते."

मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या गॅस बारीक करायला उठल्या.